खुंटीवरचा पंचा

आमच्या नुंगंबाक्कमच्या घरात, मागच्या गॅलरीत, पळण्याचं एक यंत्र आहे. मुलानं हौसेनं घेतलं तेव्हा चार माणसांनी धापा टाकत ते जिन्यावरून वर आणलं होतं. नव्याचे नऊ दिवस सरले आणि आता त्याच्या दांड्यांवर टॉवेल, सुनेच्या ओढण्या, माझा पंचा असं सगळं वाळत असतं. चेन्नईच्या दमट हवेत सुती कापड नीट वाळत नाही, त्याला एक आंबूस वास राहतो. आज सकाळी तो वास घेत मी तिथे खुर्चीत बसलो होतो, तेवढ्यात मुलगा बूट घालून व्यायामशाळेत जायला निघाला. घरात यंत्र असताना तिकडे कशाला जातोस, असं मी विचारलं. "अप्पा, घरी होत नाही," एवढंच म्हणून तो जिना उतरून गेला.

घरी होत नाही. खरं आहे. मी वाद घालणार होतो, पण ओल्या पंच्याच्या वासानं मला गप्प केलं. साठ वर्षांपूर्वी याच शहरातल्या तिरुवल्लिकेणीच्या एका बोळात हाच वास यायचा, त्यात तांबड्या मातीचा आणि तिळाच्या तेलाचा वास मिसळलेला असे. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, आणि गंमत अशी की आताच्यापेक्षा तेव्हाच जास्त थकलेला असे. आताचा थकवा वयाचा आहे, त्याची लाज वाटत नाही.

सरकारी कचेरीत कारकुनी लागली म्हणून मी मिरजेहून मद्रासला आलो. ब्रह्मचाऱ्यांच्या एका मॅन्शनमध्ये राहायला लागलो. मॅन्शन हे नाव मोठं, खोलीत मात्र तीन खाटा आणि मधे पाय ठेवायला वीतभर जागा. वर्ष झालं आणि नोकरीत कायम करण्यासाठी डॉक्टरांसमोर उभं केलं, तेव्हा मी नापास झालो. रोग कुठलाच नव्हता. श्वास भरल्यावर छाती जेवढी फुगायला हवी तेवढी फुगत नव्हती, एवढंच. तीन महिन्यांनी पुन्हा या, डॉक्टर म्हणाले, आणि तेव्हाही फुगली नाही तर मग आमच्या हातात काही नाही. मिरजेला माझी विधवा आई भावाच्या घरी एका कोपऱ्यात राहत होती आणि मी कायम होऊन बिऱ्हाड करण्याची वाट पाहत होती. तिला मी यातलं काहीच कळवलं नाही. एवढी मोठी गोष्ट, आणि ती माझ्या फासळ्यांवर येऊन अडली होती.

खोलीतच व्यायाम करायचा असं मी ठरवलं. पहिल्या पहाटे पन्नास बैठका मारल्या, दुसऱ्या दिवशी तीस. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरचा नेल्लूरचा सोबती झोपेतच कुरकुरला, ते निमित्त मला पुरलं. माणूस आरंभशूर असतो तो काही आळशी असतो म्हणूनच असं नाही. मी उठलो काय आणि न उठलो काय, त्या खोलीत कुणालाच काही फरक पडत नव्हता, आणि जे कुणालाच जाणवत नाही ते रोज करायला फार मोठं मन लागतं. माझं तेवढं मोठं नव्हतं. दोन आठवडे असेच गेले.

मग बोळातल्या तालमीत गेलो. ताडाच्या झावळ्यांचं छप्पर, खाली मातीचा हौदा, कोपऱ्यात मुद्गलांच्या जड लाकडी जोड्या, मागे विहीर. चालवणारे एक म्हातारे गृहस्थ होते, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. सगळे त्यांना 'वाद्यार' म्हणत, म्हणजे मास्तर. मी मोडक्या तमिळमध्ये माझी अडचण सांगितली, तर त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "तुम्हीं मराठे कां? मग मराठींत सांगा की, तंबी." तंबी म्हणजे धाकटा भाऊ, तेवढा शब्द तमिळ. ते तंजावरकडचे. त्यांची मराठी पोथीतल्यासारखी जुनी आणि सूर सगळा तमिळ. मद्रासमध्ये त्या वर्षी पहिल्यांदा माझ्याशी कुणी माझ्या भाषेत बोललं होतं, आणि मला रडू येईल की काय असं वाटलं.

भिंतीवरच्या खिळ्याला शिंप्याची एक फीत टांगलेली होती. ती काढून त्यांनी माझ्या छातीभोवती गुंडाळली. "श्वास आंत घ्या. धरा. सोडूं नका." फितीवरचा आकडा पाहून त्यांनी ती परत खिळ्याला अडकवली. मग म्हणाले, "सरि, ठीक आहे. होईल. पण रोज यायचें." आणि भिंतीवरची एक खुंटी मला दिली. तिथली रीत अशी होती की एकदा दिलेली खुंटी त्या माणसाची. त्यानं स्वतः येऊन निरोप घेतला, हौद्यातली माती एकदा आपल्या हातानं खालीवर केली आणि आपला पंचा उचलून नेला, की मगच ती दुसऱ्याला मिळायची.

तिथे येणाऱ्या कुणाला पैलवान व्हायचं नव्हतं. बँकेतला एक रोखपाल यायचा. त्याच्या दोन खोल्यांत नऊ माणसं होती, आणि दिवसातला तो एकच तास त्याला कुणी हाक मारत नसे. एक जण सासऱ्याच्या घरी राहायचा, त्यांच्यासमोर लंगोट लावून जोर कसे काढणार! दोघे-तिघे तर उघडच विहिरीसाठी येत. नळाला पाणी नसलेल्या दिवसांत तालमीत दहा कळशा अंगावर घेता येत, मग त्यासाठी वीस बैठका माराव्या लागल्या तर काय बिघडलं? माझं स्वतःचं कारण छाती होतं, पण पंधरा दिवसांत मला कळलं की मी जातो ते एका वाक्यासाठी. एखादा दिवस चुकला की दुसऱ्या पहाटे वाद्यार विचारत, "काल कां आलां नाहींत, तंबी?" रागावून नाही, खरंच माहीत करून घ्यायचं म्हणून. मी आलो नाही हे त्या एवढ्या मोठ्या शहरात एका माणसाला जाणवत होतं.

दर रविवारी ते छाती मोजत. अर्धा इंच वाढली त्या दिवशी त्यांनी फीत सगळ्यांना दाखवली. शेवटच्या रविवारी म्हणाले, "आतां जा. निकाल लागला कीं सांगायला या." मी पास झालो. डॉक्टरांनी कागदावर सही केली. बाहेर आल्यावर मला आनंदाऐवजी झोप आली, तीन महिन्यांची साठलेली. उद्या जाऊन सांगू म्हटलं. उद्याचा परवा झाला. पहाटेची झोप गोड होती आणि आता ती मोडायला काही कारण उरलं नव्हतं. आठवडा गेल्यावर इतके दिवस न सांगितल्याची लाज वाटू लागली, महिन्यानंतर ती लाज इतकी वाढली की कचेरीला जाताना मी तो बोळ टाळून लांबच्या रस्त्यानं जाऊ लागलो. असं का केलं हे मला आजही नीट सांगता येत नाही.

सहा महिन्यांनी तिरुवल्लिकेणीतच दोन खोल्या मिळाल्या आणि मी आईला आणलं. आणखी दोनेक महिन्यांनी एका दुपारी तिला सगळी हकिगत सांगितली, नापास झाल्याचीसुद्धा. ऐकून तिनं पहिला प्रश्न केला, "त्यांना पेढे नेऊन दिलेस ना?" मी मान खाली घातली. "गरज सरो वैद्य मरो," आई म्हणाली. "हे शिकवलं होतं का मी तुला?" तिनं दूध आटवून पेढे केले आणि त्याच संध्याकाळी मला पुढे घालून निघाली.

वाद्यार ओट्यावर बसले होते. मला पाहून लगबगीनं उठले, जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले, "दुसरी नोकरी लागली कां, तंबी?"

आई म्हणाली, "दुसरी कशाला? अहो, कायम झाला की तो! आठ महिने झाले त्याला. तुमच्यामुळेच झालं."

त्यांचा हात माझ्या खांद्यावरून खाली आला. आठ महिने ते धरून चालले होते की मी नापास झालो आणि शरमेनं तोंड दाखवत नाही. मी भिंतीकडे पाहिलं. माझ्या खुंटीवर माझा पंचा होता, धुऊन घडी घातलेला. रोखपाल जवळच उभा होता, त्यानं मला तमिळमध्ये सांगितलं की मधे दोन मुलं अशीच छातीच्या मापासाठी आली होती, पण वाद्यारांनी त्यांना परत पाठवलं. माझ्या हातानं एकाचं नुकसान झालं, आता कुणाचं माप घेत नाही, असं ते म्हणाले होते.

"सांगायचें होतें, तंबी," वाद्यार म्हणाले. तेवढंच. मग त्यांनी आईच्या हातून पेढे घेतले, तिला नमस्कार केला आणि तालमीतल्या असकीं लोकांना, म्हणजे सगळ्यांना, एकेक वाटला.

दुसऱ्या पहाटेपासून मी पुन्हा जायला लागलो. ते गेले तोपर्यंत, चार वर्षं जात राहिलो. चुकलो की ते पूर्वीसारखंच विचारत, मराठीत बोलत, आईची खुशाली घेत. मनात काही ठेवलं नव्हतं त्यांनी. पण फीत मात्र त्यांनी त्या खिळ्यावरून पुन्हा काढली नाही, माझ्यासाठी नाही आणि दुसऱ्या कुणासाठीही नाही. ती दमट हवेत तिथेच पिवळी पडत गेली. एका रविवारी मी म्हटलंही, वाद्यार, एकदा मोजा ना. ते हसले आणि जोड्या पुसायला उठून गेले.

आता तिथे साड्यांचं गोदाम आहे. छातीचं म्हणाल तर डॉक्टर नळी लावतात आणि श्वास घ्या म्हणतात, आणि मी घेतो तेवढा घेतो. माणसं शेवटी कशाच्या आधारानं उभी राहतात हे मला अजून पुरतं कळलेलं नाही. कुणीतरी काल का आला नाहीत म्हणून विचारावं, एवढ्यानं बरंच चालतं. विचारणाऱ्याचं कशावर चालत असेल, हे मात्र त्या वयात माझ्या मनातही आलं नाही.

मुलगा तासाभरानं घामेजून परतला. मी यंत्रावरचा माझा पंचा काढून घडी करत होतो. काल का गेला नव्हतास, म्हणून विचारलं. कंटाळा आला होता, असं तो म्हणाला.

"नसेल जायचं तर नको जाऊस," मी म्हटलं, "पण तिथे शिकवणाऱ्याला सांगत जा."

"त्याला काय फरक पडतो, अप्पा?" असं म्हणत तो आंघोळीला गेला.