खंडेनवमीचा फ्रीझर

नागपुरात बसून समुद्री जीवांवर संशोधन करते म्हटलं की लोक हसतात. सक्करदऱ्याच्या तलावातून आणता का, असंही विचारून झालंय. मी रत्नागिरीला ओहोटीच्या वेळी खडकांवरून स्पंज काढले आणि बर्फाची पेटी मांडीवर घेऊन गाडीने आले. स्पंज हा जागेवरून न हलणारा प्राणी. पळता येत नाही, म्हणून अंगात विष बाळगतो. एका पिवळ्या स्पंजाच्या अर्काने आमच्याकडे वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी मेल्या आणि निरोगी पेशी बऱ्याचशा वाचल्या. त्यातलं नेमकं द्रव्य वेगळं काढायचं राहिलं होतं. तोवर सगळं डीप फ्रीझरमध्ये.

दसऱ्याला रामटेकला माहेरी गेले. परतले तर फ्रीझरला झेंडूचा हार, दारावर कुंकवाचं स्वस्तिक आणि खाली पाण्याचं थारोळं. दार उघडताच सडका भपकारा आला.

खंडेनवमीला विभागप्रमुखांनी यंत्रांची पूजा केली होती. पूजेला माझी ना नाही. आमच्या घरीही विळीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांची होते आणि त्या दिवशी ट्रॅक्टर उभाच असतो. पण फ्रीझर म्हणजे ट्रॅक्टर नव्हे.

"सर, बंद काहून केला?"

"मशीनलेही एक दिवस आराम पाहिजे ना वं. आरतीत अलार्म वाजून राहिला होता, तोही बंद केला. मंग चालू करायचं राहूनच गेलं."

हा माणूस कॅन्सरवर व्याख्यानं देतो. माझं डोकंच फिरलं. मी वाट्टेल ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, "पुन्हा आण ना. समुद्र आटला का?"

स्पंज पुन्हा आणला. तोच खडक, तोच पिवळा रंग. पण नव्या अर्कात कॅन्सरच्या पेशी मजेत वाढत राहिल्या. कधी कधी विष स्पंज स्वतः नाही, त्याच्या अंगात राहणारे जिवाणू बनवतात, आणि ते दर स्पंजात सारखे नसतात. पहिल्यातलं विष कुणाचं होतं, ते आता कळायचं नाही. अशी बहुतेक द्रव्यं औषध होण्याआधीच बाद होतात, हे मला ठाऊक आहे. पण माझं प्रयोगात बाद व्हायला हवं होतं, हाराखाली नाही. तो राग अजून गेलेला नाही, जाऊही नये.

यंदा खंडेनवमीला सर ताट घेऊन आले, तेव्हा मी फ्रीझरच्या बटणासमोर उभी होते.

"हार घाला. बटणाला हात लावायचा नाही."

"इतका राग बरा नाही वं," म्हणत त्यांनी हार घातला. आरती होईपर्यंत मी तिथून हलले नाही. राखण करत होते ती त्या पहिल्या स्पंजाच्या रिकाम्या कप्प्याची.