गळ्यातली नस आणि कापणारा हात

"थायरॉइडची गाठ आहे, काढावी लागेल," डॉक्टर म्हणाला. मी म्हटलं, "माझ्या बायकोची बी काढलीती. ती मेली."

तो कागदावरनं मान वर न करता म्हणाला, "तुमची केस वेगळी आहे, आजोबा. फार तर आवाज थोडा बसेल. या वयात काय फरक पडतो?"

"म्हशींना हाक कोण मारणार, तू?" म्हटलं आणि उठलो.

हौसाचा, माझ्या बायकोचा, आवाज ऑपरेशननंतर असाच बसला होता. येईल हळूहळू, डॉक्टर म्हणाले. आलाच नाही. नुसती फुसफूस राहिली. चहा घेतला की ठसका, पाणी घेतलं की ठसका. मग ती चारचौघांत पाणी प्यायचीच बंद झाली. शेवटी अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनिया झाला. म्हणजे पोटात जायचं ते फुप्फुसात जातं आणि तिथं सडतं. आवाजाची नस दुखावली होती, हे ती गेल्यावर कळलं. तोवर एकाही डॉक्टरनं तोंड उघडलं नाही.

लेक उचगावात दिलेली. तिनं ओढत दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथं एफएनएसी केली, म्हणजे गाठीत सुई घालून नमुना काढतात. कॅन्सर आहे का, तर रिपोर्ट धड हो नाही, धड नाही नाही. सकाळपासून बाकावर बसवलं. भिंतीवर 'शांतता राखा'. गळ्याच्या दवाखान्यात हे लिहायला कुणाचं डोकं चाललं असेल!

शेजारच्यानं विचारलं, "पावणं, गळ्याला काय झालंय?"

"फास लावून घेतलाय," म्हटलं. तो बाकाच्या टोकाला सरकला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मी सरळ विचारलं, "नस तुटणार न्हाई कशावरनं?"

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, लॅरिंजिअल अ‍ॅडक्टर रिफ्लेक्स असतो. म्हणजे घशात नको ते शिरायला लागलं की स्वरयंत्राचं दार आपोआप मिटतं. भूल दिली तरी ते मिटायला बघतं. भुलीत घशात श्वासाची नळी घालतात, तिच्यावर तारा असतात, त्यातनं आत बारीक करंट देत राहायचा. नस शाबूत असली की दार हलतं आणि स्क्रीनवर रेघ उठते. नस ताणली गेली की रेघ बसायला लागते.

"मग मशीन नस वाचवतंय म्हणा की."

"नाही आजोबा. मशीन फक्त सांगतं. थांबावं मला लागतं. आणि एवढं करूनही कधी कधी नस दुखावतेच."

"आणि तुमी थांबला न्हाईसा तर?"

"तर मशीनचा काही उपयोग नाही."

इतक्या दिवसांत खरं बोललेलं हे पहिलं माणूस. म्हणून सही केली.

ऑपरेशनच्या दिवशी भुलीच्या डॉक्टरनं सांगितलं, घसा बधिर करायचा स्प्रे मारणार नाही. घसा बधिर झाला तर करंटला जबाब कोण देणार? ते पटलं. पुढचं मला ठाऊक नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा बाई उशाशी होत्या. म्हणाल्या, "गाठ बाजूला ओढताना रेघ निम्म्यावर आली होती. मी ओढ सोडली, थांबले. रेघ परत आली. आता बोला काहीतरी."

"किती वेळ थांबला?" मी कुजबुजलो.

"काही मिनिटं. मोठ्यानं बोला, आजोबा."

काही मिनिटं. एवढंच लागत होतं.

घसा सोललेला, पण आवाज असा निघाला की अख्खा वॉर्ड वळला. "हौसाच्या वेळंला का न्हाई थांबला?"

लेक रडायला लागली. "आबा, ह्या नव्हत्या की तिथं!"

मला माहीत होतं. विचारायला समोर दुसरं होतं कोण? बाई खाली मान घालून म्हणाल्या, "मला माहीत नाही, आजोबा." पण निघून गेल्या नाहीत.

गाठ साधी निघाली. तुमच्या घरात कुणाच्या गळ्याला सुरी लागणार असेल तर सहीआधी विचारा, नसेवर नजर कशी ठेवणार? मशीन नसेल तर तसं सांगू देत. चिडले तर चिडू देत, तुम्ही उठू नका. या बाईंचे उपकार मी मरेपर्यंत मानीन. हौसाच्या डॉक्टरला मात्र माफी नाही, आणि ते त्याच्या तोंडावर सांगण्याइतका आवाज माझ्याकडं आहे.