ओळखीचं झालं की वाजत नाय

बुधवारी सकाळी सव्वानऊला प्रज्ञाचा फोन आला.

"मॅडम, परत आलं."

"तेच?"

"तेच. 'अनोळखी उपकरण नेटवर्कला जोडले गेले.' काल तुम्ही ते ओळखीच्या यादीत टाकलं होतं ना?"

टाकलं होतं. माझ्या वहीत त्यापुढे टिक होती. टिक झालेलं काम परत उभं राहिलं की मला चहा गोड लागत नाही.

मी नाशिकमध्ये घरांची आणि छोट्या ऑफिसांची वाय-फाय नेटवर्कं बसवते, बिघडली की दुरुस्त करते. प्रज्ञाचं घर निफाडजवळ, द्राक्षाच्या बागेत. नवरा संदीप सातपूरला कंपनीत, शिफ्टमध्ये. बाग बघतात सासरे, म्हणजे नाना. प्रज्ञा पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. तिच्या लॅपटॉपवर रुग्णांची माहिती असते, म्हणून कंपनीने घरच्या नेटवर्कवर पहारा ठेवणारं एक ॲप घ्यायला लावलं होतं. घरच्या वाय-फायला नवीन काही जोडलं गेलं की ॲप अलर्ट देतं. संदीपने ते तिघांच्याही फोनमध्ये टाकलं होतं. कोणाचं तरी लक्ष राहील, हा हिशेब.

दर आठवड्याला त्याचा रिपोर्ट कंपनीत जायचा. लागोपाठ दोन रिपोर्टमध्ये जवळजवळ रोज एक अनोळखी पाहुणा दिसला. मग तिच्या साहेबांचा फोन आला. शुक्रवारी रिपोर्ट स्वच्छ आला नाही, तर सोमवारपासून पुण्याच्या ऑफिसात बसायचं. मुलगी नुकतीच इथल्या शाळेत रुळली होती. प्रज्ञाने हे मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी नीट होता. फार नीट होता.

सोमवारी मी पहिल्यांदा गेले. माझी पद्धत ठरलेली. घरात वाय-फायवर चालणारी प्रत्येक वस्तू वहीत लिहायची, मग ॲपमधल्या यादीशी जुळवायची. फोन, टीव्ही, लॅपटॉप, प्रिंटर, अंगणातल्या खांबावरचं जादा वाय-फाय. सगळं जुळलं, एक उरलं. नाव नाही, नुसती अक्षरं आणि आकडे.

"पासवर्ड बदलून टाकू," मी म्हटलं. "बाहेरचं कोणी असेल तर आपोआप गळेल."

नाना दारात बसून पायाला तेल लावत होते. "नका हो ताई. परत सगळ्यांच्या फोनात टाकत बसावं लागतं. लय कटकट."

मला तेव्हाच थांबायला हवं होतं. माणूस पासवर्ड बदलू नका म्हणतो, तेव्हा त्यामागे काहीतरी कारण असतं. मी फक्त 'नानांचा विरोध' असं लिहून घेतलं.

मंगळवारी वस्तू सापडली. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, स्टार्टरच्या पेटीशेजारी एक पांढरा डबा होता. ड्रिपमधल्या पाण्याचं प्रेशर दाखवणारा. दुकानदाराने कधीतरी बसवून दिलेला आणि मग सगळे विसरलेले. त्याला करंट शेतीच्या लाईनवरून. शेतीची थ्री फेज लाईट दिवसाचे काही तासच असते. ती आली की डबा जागा होणार आणि वाय-फायला चिकटणार. चोर नाही, घरचाच. मी त्याला ॲपमध्ये 'ओळखीचा' केलं, टिक केली, नाशिकला आले.

आणि बुधवारी हा फोन.

मी पुन्हा गेले. प्रत्येक उपकरणाला एक कायमचा नंबर असतो, गाडीच्या चासी नंबरसारखा. हल्लीचे फोन तो मुद्दाम बदलतात, म्हणून जुना फोनही ॲपला नवा वाटतो. आधी तीच शंका. पण वहीत तिन्ही दिवसांचा नंबर एकच निघाला. डबा बदलत नव्हता. म्हणजे यादी बदलत होती.

ॲपमध्ये कोणी काय केलं याची नोंद असते. ती मी पहिल्या दिवशी बघायला हवी होती. मंगळवारी संध्याकाळी पावणेसात: उपकरण यादीतून काढले. कोणाच्या फोनवरून, तेही लिहिलेलं.

"नाना," मी विचारलं, "हे तुम्ही काढलंत?"

"हां. मीच काढतो रोज."

प्रज्ञाने लॅपटॉप मिटला. "नाना! का?"

"अगं, ओळखीचं झालं की वाजत नाय ते."

मग त्यांनी शांतपणे समजावलं, जणू नेटवर्कचं काम त्यांचं आणि मी शिकाऊ. लाईटीचं टाईमटेबल साडेआठचं, पण ती नऊला येते, कधी दहाला. पूर्वी मोटारीच्या खोलीवर बल्ब होता. तो पेटला की घरातून दिसायचा. आता मधे द्राक्षाचा मांडव वाढला, बल्ब दिसत नाही. गुडघ्यामुळे सारख्या चकरा होत नाहीत. लाईट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून स्टार्टर ऑटोवर ठेवला होता, तर विहिरीत पाणी नसताना मोटार चालली आन् जळली.

"मग या ॲपचं कळालं. हे वाजलं की लाईट आली. एकदाबी चुकलं नाय."

"मला सांगायचं तरी," प्रज्ञा म्हणाली.

"तू म्हणायची, बंद करा. छाटणी झालेली हाय, पाणी येळेवर नको?"

"आणि मला पुण्याला पाठवलं असतं म्हणजे?"

नानांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. ते म्हणाले, "मग काढून टाका ताई तो डबा. मी जाईन चालत."

"चालत कुठे जाताय!" प्रज्ञा उसळली. "मॅडम, दोन्ही जमेल असं काहीतरी करा."

जमलं. पाऊण तास लागला. डब्याला वेगळ्या, पाहुण्यांच्या वाय-फायवर टाकलं, म्हणजे प्रज्ञाच्या लॅपटॉपशी त्याचा संबंध उरला नाही. ॲपमध्ये त्याचं नाव ठेवलं 'लाईट आली'. ओळखीचं उपकरण सुरू झालं तरी कळवायची सोय असते, ती फक्त नानांच्या फोनवर चालू केली. शेवटी नानांकडून कबूल करून घेतलं, की यादीला हात लावायचा नाही. मधल्या दिवसांत काय घडलं ते मी लेटरहेडवर लिहून दिलं, आणि शुक्रवारी रिपोर्टसोबत ते पुण्याला गेलं. साहेबांचं एका ओळीचं उत्तर आलं: ठीक आहे, घरूनच चालू ठेवा.

माझ्या चेकलिस्टमध्ये आता पहिला प्रश्न 'अलर्ट का येतो' हा नाही. पहिला प्रश्न: तो बंद झाला तर घरात कोणाची अडचण होईल?

पुढच्या आठवड्यात साडेनऊला नानांचाच फोन आला. "ताई, आज वाजलंच नाय. तुमचं काम बिघडलं वाटतं."

"नाना, लाईट आलीये का?"

पलीकडून प्रज्ञाचं हसणं ऐकू आलं.

"नाय," नाना म्हणाले. "मग बराबर हाय."