सखूबाईंचा रंग

ज्ञानेश्वरी माऊस धरण्याआधी हात ओढणीला पुसते. डब्यातली चटणी आधी मला वाढते. स्टुडिओतल्या आरशासमोरून मान खाली घालून जाते. गिऱ्हाईक ‘नवरीला गोरं करा’ म्हणालं की नुसतं ‘व्हय’ म्हणते. स्वतःचा फोटो कुणाला काढू देत नाही.

पुंडलिकनगरच्या या स्टुडिओत ती लग्नाचे अल्बम करते. रोज फुलंब्रीहून येते. मी मराठीत एम.ए. झाले आणि तिच्या शेजारी बसून अल्बमातल्या ओळी लिहिते.

तीन वर्षांपूर्वी स्थळासाठी तिनं आपला फोटो स्वतःच उजळला होता. पाहुणे आले. मुलाची आई सखूबाई. त्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारली आणि भरल्या घरात विचारलं, ‘फोटो दुसऱ्या पोरीचा धाडला व्हय?’ सगळे हसले. तिचे वडीलही, कसनुसं.

मागच्या आठवड्यात त्याच सखूबाई आमच्याकडे आल्या. मुलाच्या लग्नाचा अल्बम करायचा होता.

‘सुनंचं तोंड पावडरनं गोरं दिसतंय, पण हात बघ. बघायला गेलो तवा बी असंच फसवलं. समद्यांना उजळ कर. नात्यात दाखवायचाय.’

‘व्हय.’

‘गुणाची पोरगी. कुठली गं तू?’

‘फुलंब्रीची.’

‘अगं बाई! तिथं एक स्थळ बघितलं होतं आम्ही. काळं कुळकुळीत!’

त्यांनी तिला ओळखलंच नाही. ज्ञानेश्वरी हसली. तसं हसू मी पाहिलं नव्हतं.

त्या गेल्यावर ती म्हणाली, ‘समद्यांना उजळ करते. त्या सासूला सोडून.’

‘नोकरी जाईल.’

‘जाऊ दे. दर पाव्हण्यानं तिलाच इचारलं पायजे, फोटोतली ही काळी कोण म्हणून. तू ओळी लिही, साहित्यिक.’

मी लिहिल्या.

ती स्क्रीनवर सखूबाईंच्या गालावर माऊसनं टिचकी मारायची. फोटोत जिथं जिथं तो रंग, तिथं लाल पडदा यायचा. याला मास्क म्हणतात. ती लाल जागा वगळून बाकी सगळं उजळायचं. नवरदेव, मामा, करवल्या, सगळे उजळले. मधोमध सखूबाई, जशाच्या तशा. दोन पानांवर तिनं त्यांना आणखी काळं केलं. मी पाहिलं. पुढची ओळ लिहिली.

चाळिसावं पान शेवटचं. सखूबाईंनी सुनेला जवळ घेतलंय; दोघी एका फोटोत पहिल्यांदाच. टिचकी मारली. सखूबाई लाल झाल्या. चुड्याच्या वर कोपरापर्यंत सुनेचे हातही लाल झाले. कुणाचा हात कुठं संपतो, कळेना.

‘ब्रशनं सून वेगळी काढ,’ मी म्हणाले. ‘दहा मिनिटांचं काम.’

ती बघत राहिली. ‘सासूचा अन् सुनंचा रंग एकच हाय. जराबी फरक नाय.’ मग म्हणाली, ‘हिला घरात रोज काय काय म्हणत असंल?’

तिनं बाटली भरली, पाचची बस धरली.

आज आली. हात पुसले आणि दुसराच अल्बम उघडला. सखूबाईंचे तीन फोन आले. एकोणचाळीस पानं छपाईला तयार आहेत. चाळिसाव्यावर दोघी अजून लाल आहेत.