मशालजीची फितुरी

आमच्या वायरमनला खांबावर चढवायचं असेल, तर आधी त्याच्या कादंबरीचं एक प्रकरण ऐकावं लागे. डीपीवरचा फ्यूज उडाला, गावात अंधार झाला, की लोक त्याच्या ओट्यावर जाऊन उभे राहत. तो सावकाश चष्मा लावी आणि म्हणे, "बसा. एवढी लढाई संपवतो, मंग जाऊ." लढाई लवकर संपत नसे. कुणाची मोटर अर्ध्या वाफ्यावर बंद पडलेली, कुणाकडे पाहुणे जेवायला बसलेले. पण पकड आणि खांबावर चढायचा झुला त्याच्याकडे, त्यामुळे सगळे मुकाट्याने माना डोलवत. इतके हुकमी श्रोते मराठीत दुसऱ्या कुठल्या लेखकाला मिळाले असतील असं मला वाटत नाही.

सगळ्यात जास्त प्रकरणं माझ्या वाट्याला आली. खर्ड्याच्या अलीकडे फाट्यावरून आत वळलं की आमचं गाव, आणि गावात शिरताना डाव्या हाताला माझी पिठाची गिरणी. आमचे हे सुप्याला कारखान्यात, आठवड्याने येणार. सासऱ्यांनी टाकलेली गिरणी मग मीच चालवते. मी माहेरची नगरची, मराठीत एम.ए. झालेली. आमच्याकडे एम.ए. झालेल्या बाईला गिरणी चालवावी लागते याचं कुणाला नवल वाटत नाही, आणि आता मलाही वाटत नाही. पण वायरमनला या एम.ए.चा फार आनंद झाला होता. थ्री फेज गेली की मी फोन करायची आणि तो विचारायचा, "वहिनी, दळान किती हाय?" दळण जास्त असेल तर प्रकरण मोठं, असा त्याचा हिशेब. एकीकडे बायका डबे घेऊन ताटकळत उभ्या आणि दुसरीकडे मी राजा दुर्दंडसेनाच्या दरबारात अडकलेली, असं कित्येकदा झालं.

त्या कादंबरीचं नाव होतं 'काळदंतगडाचे भाकीत'. तिच्यात बंड होतं, भाकीत होतं, फितुरी होती, आणि दर दोन पानांनी रक्तवर्ण सूर्य उगवत होता. मावळताना तो मी कधी ऐकला नाही. तोंडाने "लाइट आली का वो?" असं विचारणारा हा माणूस कागदावर मात्र "तदनंतर त्या प्रलयंकारी, क्रोधायमान नेत्रांनी" असं लिहायचा. घोडे शेकडो कोस धावत, पण त्यांना कुणी कडबा टाकत नसे. सैन्याला भूक लागत नसे. मी एकदा विचारलं, "वायरमन, हे बंड नक्की कशाबद्दल आहे?"

"जुलूम हुतो ना, वहिनी."

"कसला जुलूम?"

"ते वाचकानं समजून घ्यायचं," असं म्हणून त्याने पान उलटलं. एम.ए.ला असताना मी पुष्कळ वाईट वाचलं होतं, पण ते निदान परीक्षेपुरतं होतं.

या सगळ्याला जबाबदार खर्ड्याचा किल्ला. बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी बायकोकडे देऊन हा किल्ल्यात जाऊन बसायचा. कट्ट्यावर बसून दरवाजाकडे बघत राहायचा आणि परत आल्यावर नवं प्रकरण. बायको बिचारी म्हणायची, "दुसऱ्याचा नवरा गुत्त्यात जातो, माजा किल्ल्यात. मी काय बोलू?" तिला त्यातलं एक वाक्य माहीत नव्हतं आणि तिची तक्रारही नव्हती. त्या घरापुरता शहाणपणा तिच्याकडेच होता.

त्याची आणखी एक खोड म्हणजे गावातल्या प्रत्येकाला तो कादंबरीत घालायचा. सरपंच म्हणजे दुर्दंडसेन, हे त्याच्या मिशीवरूनच कळायचं. मी कोण, हे कळायला मला जरा वेळ लागला. गडावर एक बाई होती, साऱ्या सैन्याचं दळण दळणारी, तोंडाने तिखट, हिशेबाला चोख. तीच शेवटी गडाची किल्ली शत्रूला देते, असा त्याचा बेत होता. फितूर मी! मी भडकले. तो म्हणाला, "रागावू नका वहिनी. गडावरची समदी मानसं एकाच जागी येत्यात, दळनाला. समद्यांची बातमी तिला असती. आन तिच्यावर संशय कुनी घ्यायचं न्हाई." मी त्याला हजार गोष्टी सुनावल्या, पण मनात म्हटलं, मेल्याने अख्ख्या कादंबरीत एवढं एकच बरोबर केलंय.

त्यात एक आंधळी म्हातारी होती, भाकीत सांगणारी. ती सुरुवातीला असं संस्कृत बोलायची की माझी दातखीळ बसायची वेळ आली. मी म्हटलं, "अहो, ही म्हातारी कुठल्या पाठशाळेत गेली होती? आपला भगत होईक सांगतो तसं सांगू द्या की तिला." होईक म्हणजे आमच्याकडे बिरोबाच्या यात्रेत भगताच्या अंगात आलं की तो वर्षाचं भविष्य सांगतो ते: पाऊस कुठल्या नक्षत्राला, बाजरी कशी, गुरांना रोग आहे का. वायरमन लहानपणापासून ते ऐकत आलेला. त्याला हे इतकं पटलं की त्याने एका बैठकीत ते पान बदललं. त्या पानात पहिल्यांदा जीव आला. सूचना माझी होती, त्यामुळे तिची फळं मलाच खावी लागली.

यात्रेच्या दिवशी देवळावर कर्णे बांधायचं काम वायरमनचं. भर दुपारी, भगत अजून जेवायला गेलेला, मांडवात चिटपाखरू नाही, आणि हा माईक तपासत बसलेला. दुसरं कुणी असतं तर हॅलो, हॅलो म्हणालं असतं. याने खिशातून कागद काढला आणि भगताच्या आवाजात, भगताच्या चालीवर वाचायला सुरुवात केली: "पूर्वेकडनं वारं सुटंल. गडाचं दार भाहेरून फुटायचं न्हाई, आतून उघडंल. जिच्या हातचं पीठ खाल, तीच किल्ली देईल. राजा ताटावर पडंल." कर्ण्यांचा आवाज पार वस्त्यांपर्यंत गेला. मांडवात कुणी नव्हतं, पण घराघरांत सगळे होते. पुरणपोळ्या लाटता लाटता बायकांचे हात थांबले. कुणी तरी मोबाईलवर टिपून घेतलं आणि संध्याकाळच्या आत ते गावाच्या ग्रुपवर फिरलं.

खरी होईक नंतर भगताने सांगितली, पावसाची आणि बाजरीची. ती कुणाच्या लक्षात राहिली नाही. लोकांनी भगतालाच विचारलं, की पिठाचं ते तुम्ही बोललात का? भगत प्रामाणिक माणूस. तो म्हणाला, "अंगात आल्यावर मला कुठं सुध ऱ्हाती? बोललोबी आसंन." झालं, शिक्का बसला. राजा म्हणजे सरपंच, यात वाद नव्हता. सरपंचांनी ताटाला हात लावणं कमी केलं आणि त्यांच्या आईने माझ्याकडचं दळण बंद करून डबा स्टँडजवळच्या गिरणीत धाडला. मग एकेक घर गेलं. ज्या बायका माझ्या ओट्यावर बसून सुनांची उणीदुणी काढायच्या, त्या डोक्यावर डबा घेऊन, पदर पुढे ओढून माझ्या दारावरून पुढे जाऊ लागल्या. एक तर जाता जाता पुटपुटली, "देवाचं बोलनं हाय, बाई, आमी काय करावं?" माझा पट्टा थांबला. मी दिवसभर गिरणीच्या उंबऱ्यात बसून राहायची, आणि मला रडू यायचं. आत्तापर्यंतचं सगळं हसून सांगितलं, पण हे हसून सांगता येत नाही. या गिरणीवर माझं घर आणि माझी मान उभी होती.

मी वायरमनच्या ओट्यावर गेले. म्हटलं, "लाइट गेलेली नाही, त्यामुळे आज प्रकरण ऐकणार नाही. तुमच्या त्या भिकार कादंबरीपायी मी देशोधडीला लागायची वेळ आली आहे. उठा, आणि ते तुम्ही रचलंय म्हणून गावाला सांगा."

तो चष्मा काढून पुसत बसला. मग म्हणाला, "वहिनी, एवढी वर्सं लिव्हतोय. आजवर माज्या एका अक्षरावर कुनी इश्वास ठिवला न्हवता. आता सबंद गावानं ठिवला, आन तुमी म्हनता खोटं हाय म्हनून सांगा."

मला त्या क्षणी त्याची कीव आली नाही. मी म्हटलं, "हो, तेच सांगा." आणि निघून आले.

रविवारच्या आरतीला सगळं गाव देवळात होतं. आरती झाली आणि वायरमनने माईक हातात घेतला. "ती होईक न्हवती. माज्या कादंबरीतलं पान हुतं. माईक तपासत हुतो," असं त्याने सांगून टाकलं. मला वाटलं, सुटले. पण सरपंचांच्या आईने हात जोडले आणि म्हणाली, "मंग देव तुज्या तोंडून बोलला म्हनायचा, लेकरा." पुढच्या रांगेतला एक जण उठून चक्क त्याच्या पाया पडला. कुणी तरी नारळ पुढे केला. आयुष्यभर फ्यूजसाठी ज्यांनी त्याला सहन केलं, ते लोक डोळे मिटून त्याच्यापुढे उभे होते. त्याचा चेहरा मी बघत होते. तो खुलला होता. मी मनात म्हटलं, संपलं, आता हा अंगात आणणार.

त्याने नारळ बाजूला ठेवला. "फुडचं आयका," तो म्हणाला. हातात कागद नव्हता. तो बोलता बोलता रचत होता आणि भगताची चाल त्याने सोडली नव्हती. "किल्ली दिली तिनं, पर खोटी दिली. वैऱ्याला फसवलं. तिच्या पिठावर गड जगला. दार उघडलं ते मशालजीनं. गडावरचे दिवे त्याच्या हाती हुते. त्यानं दिवे इझवले, आन अंधारात कडी काढली. फितूर मशालजी निघाला."

 मग मागून कुणी तरी म्हणालं, "दिवे इझवनारा? म्हंजी तूच की रं!"

"व्हय," तो म्हणाला, "मीच."

असं हसू फुटलं की भगतसुद्धा हसला. ज्याच्या लोक आत्ताच पाया पडत होते, त्याच्याच पाठीवर थापा पडू लागल्या. सरपंच पोट धरून हसले आणि म्हणाले, "आयला, ह्याला काय भ्यायचं!" त्या दिवशी ते पोटभर जेवले असं नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी गिरणी उघडायच्या आत ओट्यावर डब्यांची रांग लागली होती. वायरमनला मात्र जन्माचं नाव पडलं. लाइट गेली की लोक आता ओट्यावर जात आणि म्हणत, "ए फितूर, चढ खांबावर." प्रकरण ऐकायला कुणी थांबत नसे. तोही चष्मा न लावता उठायचा.

मी त्याचे आभार मानले नाहीत. माझ्या स्वभावाला ते जमत नाही. मी त्याची चूक काढली. म्हटलं, "वायरमन, तुमचा मशालजी नवव्या प्रकरणापासून तापाने फणफणून अंथरुणावर आहे. वैद्यांनी आशा सोडली आहे. तो दार उघडायला गेला कधी?"

"आसंल उठला."

"असेल उठला म्हणजे? अख्खी कादंबरी त्या बाईवर रचली होती तुम्ही. आता शेवट कशावर उभा आहे? निदान तो ताप तरी काढून टाका."

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "बाया दळान घिऊन आल्या का न्हाई?"

निवृत्त झाल्यावर तो सुप्याला मुलाकडे राहायला गेला. आमच्या ह्यांच्याबरोबर एकदा कादंबरीची छापील प्रत आली. मुखपृष्ठावर रक्तवर्ण सूर्य. मी ती एका दमात वाचली आणि पानोपानी संतापले. तदनंतर, प्रलयंकारी, क्रोधायमान, सगळं जागच्या जागी. नवव्या प्रकरणात मशालजी मरणाच्या दारात आणि शेवटच्या प्रकरणात तोच दाराशी. मध्ये एक वाक्य नाही. छापताना तरी तो ताप काढेल किंवा फितुरी परत दळणाऱ्या बाईकडे देईल, असं मला वाटलं होतं. तिकडे सुप्यात आमच्या गावातलं कोण वाचणार होतं? पण त्याने काहीच बदललं नाही.

मागच्या उन्हाळ्यात तो गेला. ग्रुपवर कुणी हात जोडले, कुणी फुलं टाकली. एकाने लिहिलं, 'आपला फितूर गेला.' मी ते वाचलं आणि गिरणी बंद करून घरात गेले. त्या दिवशी दळण घेतलं नाही.

परवा जामखेडच्या कॉलेजातले एक प्राध्यापक गव्हाचं पीठ न्यायला थांबले. गिरणीच्या फळीवर ती प्रत दिसली म्हणून वाचायला घेऊन गेले आणि आठवड्याने परत आणली. नाक मुरडून म्हणाले, "बाई, भाषा तर भयंकर आहेच, पण याला साधी रचना कळत नव्हती. मरायला टेकलेला मशालजी एकाएकी उठून फितुरी करतो! हा काय प्रकार आहे?"

भाषेबद्दल ते बोलले ते खरंच होतं. रक्तवर्ण सूर्याबद्दल बोलले असते तर मीही चार शब्द घातले असते. पण मी पट्टा बंद केला, हाताचं पीठ झटकलं आणि पुस्तक त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"ताप होता त्याला," मी म्हटलं. "पण उठला तो."