फुकटचा डेटाबेस आणि गुऱ्हाळावरचा रस

कोल्हापूरच्या प्रोग्रॅमर मित्रांनो, आपला प्रोग्रॅम कुणी कॉपी केला की आपण सगळेच भडकतो. आणि आपण स्वतः काय करतो?

आज माझा भागीदार संज्या एका गूळ अडत्यासाठी आमचा प्रोग्रॅम सीडीवर भरत होता. आत मोफत डेटाबेस, पण आमचा कोड बंद, म्हणजे गिऱ्हाइकाला न दिलेला. मी अडवलं.

"फुकटच हाय की त्यो!"

"गुऱ्हाळावर रस फुकट मिळतो. म्हणून घागर भरून बाजारात विकशील व्हय?"

या डेटाबेसची अटच आहे: प्रोग्रॅमसोबत विकायचा तर आपला कोडही खुला द्या, नाहीतर पैसे भरून व्यापारी परवाना घ्या. परवाना परवडणारा नव्हता. "धंदा बुडाला," म्हणत संज्यानं कोडही सीडीवर भरून अडत्याला दिला.

अडत्या हसला. "ह्ये घिऊन मी काय करू? बिघडलं तर तुमालाच बोलवणार की!"

संज्या निवांत झाला, मीही.

तुमच्या प्रोग्रॅमसोबत जाणाऱ्या डेटाबेसचा परवाना आजच उघडून वाचा.