आप्पांचा आवाज परत केला

खरं सांगतो, त्या वर्षी माझा भैरवनाथावरचा विश्वास पार डळमळला होता. आमचं गाव निमगाव केतकीच्या अलीकडं. गावात वडलांचं, म्हणजे आप्पांचं, मोटार रिवायंडिंगचं दुकान. दरवर्षी जत्रेला "नाथाच्या नावानं" ही पहिली हाक आमच्या घरानं द्यायची, गावानं "चांगभलं" म्हणायचं आणि मगच पालखी उचलायची, अशी रीत. पंचवीस वर्षं ती हाक आप्पांची. आणि देवानं नेमका त्यांचाच आवाज काढून घेतला. अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. आवाज न्यायचाच होता तर माझा न्यायचा. मी तसाही दुसऱ्यांचेच काढतो.

नकला हा माझा धंदा नव्हे, रोग आहे. शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून दोनदा सुट्टी दिली होती मी. आप्पांचा तर असा काढायचो की आई आतनं "आले, आले" करत यायची. मग झटक्यानंतर मी तेच सुरू केलं. गिऱ्हाइकाचा फोन आला की आप्पांच्या खर्जात, "मोटार जळली व्हय? आणा हिकडं, बघू." पाहुण्यांशीही तसंच. लोक हसायचे, कौतुक करायचे. मला वाटायचं, केवढी सेवा करतोय मी! आप्पा मात्र भिंतीकडं तोंड करून पडायचे. बोलायचे व्यायाम शिकायला आम्ही बारामतीला जायचो. तिथं ते ओठसुद्धा हलवायचे नाहीत. पाच महिने असेच गेले.

एका सकाळी बारामतीला निघताना देवळासमोर उभा राहून मी चिडून म्हणालो, "नाथा, तुला जमत नसंल तर मला तरी सांग काय करू."

परतीच्या एसटीत कंडक्टरनं आप्पांना विचारलं, "कुठं, आजोबा?" आप्पांनी ओठ जुळवले. "फा... फा..." मी लगेच त्यांच्या आवाजात, "फाट्यावरची दोन द्या, मास्तर!" अख्खी गाडी हसली. आप्पांनी खिडकीकडं तोंड फिरवलं.

मागच्या सीटवर मांडीवर बांगड्यांची पेटी घेऊन एक म्हातारी मुसलमान चाची बसली होती. तिनं माझ्या खांद्यावर बोट टोचलं. "पोरा, लई हुशार हायस. पण ह्यो माणूस बोलत व्हता की. तू कशाला मधी घुसलास?"

मी म्हणालो, "चाची, त्यांना येत न्हाय बोलता."

"तू येऊ देशील तवा येईल ना! आमचे मालक असेच पडले व्हते. मी ठरवून बहिरी झाले. मागितल्याबिगर चहा न्हाय. लोकं शिव्या द्यायची मला. दीड वरसानं त्यांनी माझं नाव घेतलं."

भवानीनगरला ती उतरून गेली. नंतर आठवडी बाजारात बांगड्यांच्या पालांवर मी पुष्कळदा शोधलं, परत दिसली नाही. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. सकाळी विचारलं होतं, दुपारी उत्तर मिळालं, एवढंच मला माहीत.

फाट्यावर उतरल्या उतरल्या नाथाची शपथ घेतली. आप्पा नीट बोलेपर्यंत त्यांचा आवाज काढायचा नाही. मला ताप आला असता तरी सोपं गेलं असतं!

मग आप्पांना रोज दुकानात बसवायला लागलो. ते बोट दाखवायचे, मी मुद्दाम पक्कड द्यायचो. परत दाखवायचे, मी स्क्रू ड्रायव्हर द्यायचो. डाव्या हातानं त्यांनी तो फेकून मारला, मी उचलून परत तोच त्यांच्या हातात दिला. आई म्हणायची, "काळजात दगड हाय का रं तुझ्या?" रात्री मी उशीत तोंड खुपसून रडायचो. सातव्या आठवड्यात आप्पा लालबुंद होऊन ओरडले, "पा... पाना! गा... ढवा!" जन्मात एवढी गोड शिवी मी ऐकली नव्हती. तिथनं पुढं रोज एखादा शब्द, कधी आठवडाभर एकही नाही. आप्पांनी मात्र एक दिवस सोडला नाही. आरशासमोर बसून ते घामाघूम व्हायचे.

जत्रा आली. पालखी देवळापुढं तयार. पुजारी तात्या माझ्या कानात म्हणाले, "तूच दे रं हाक, आप्पाच्या आवाजात. देवाला बी कळायचं न्हाय."

गळ्यापर्यंत आली होती ती हाक. दातावर दात दाबून मी नाही म्हणून मान हलवली. आप्पा काठी टेकत पुढं झाले. सगळं गाव थांबलं. "ना..." म्हणाले आणि अडकले. कोणतरी खाकरलं. आईनं माझा हात घट्ट धरला. मी डोळे मिटले आणि पहिल्यांदाच देवाकडं काही मागितलं नाही. म्हटलं, आता तू आणि ते.

"ना... था... च्या... ना... वानं!"

"चांगभलं" असं उठलं की देवळावरची कबुतरं उडाली. पालखी खांद्यावर चढली. आप्पांनी वळून माझ्याकडं बघितलं आणि भुवई उडवली, कसं काय, म्हणून.

देवाला हात जोडायला मी लहानपणीच शिकलो होतो, तोंड मिटायला त्या वर्षी शिकलो. त्या चाचीचं आणि नाथाचं हे देणं मोठं आहे. तालुक्यातल्या कुणाचाही आवाज सांगा, आत्ता काढून दाखवतो. आप्पांची ती तुटकी हाक तेवढी मागू नका. ती त्यांची आहे.